ऑक्सफर्डची ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’: एका क्रियापदाच्या कसोटीवर

इंग्रजी शब्दकोश विकत घेताना बहुतेक जण एखादा अवघड, लांबलचक शब्द उघडून पाहतात आणि त्याचा अर्थ सापडला की कोश चांगला असल्याचे ठरवून टाकतात. माझ्या मते ही कसोटी उलटी आहे. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कोणताही बरा कोश सांगतो. कोशाचा कस लागतो तो रोजच्या तोंडातल्या साध्या क्रियापदावर, कारण तिथे अर्थ आपल्याला आधीच ठाऊक असतो आणि तरीही वाक्य चुकते. कोणत्या काळात ते क्रियापद कसे वागते, त्याच्यापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते, कुठे काहीच येत नाही, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक क्रियापद आले तर ते कोणत्या रूपात येते, हे सांगण्याची जबाबदारी कोशाने घेतली आहे की नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. म्हणून ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’च्या २०२० साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीचे आणि तिच्या विनामूल्य संकेतस्थळाचे हे परीक्षण मी मुख्यतः ‘अ‍ॅग्री’ या एकाच क्रियापदाच्या आधारे करणार आहे.

‘अ‍ॅग्री’ निवडण्यामागे कारण आहे. मराठी माध्यमातून शिकून आता बँकेत, सहकारी संस्थेत किंवा खासगी कंपनीत काम करणाऱ्या प्रौढांना मी संध्याकाळी इंग्रजी लेखन शिकवतो, आणि त्यांच्या ईमेलमध्ये, इतिवृत्तांमध्ये, अर्जांमध्ये हे क्रियापद सतत येते. ऑक्सफर्डने निवडलेल्या तीन हजार महत्त्वाच्या शब्दांच्या यादीत ते अगदी पहिल्या, म्हणजे नवशिक्यांच्या पातळीवर ठेवलेले आहे. तरीही चांगले शिकलेले, इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचणारे लोक ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री विथ यू’ असे लिहितात, ‘ही अ‍ॅग्रीड फॉर द प्रपोजल’ असे लिहितात, ‘सर अ‍ॅग्रीड मी टू गो’ असेही लिहितात. या चुका निष्काळजीपणाच्या नव्हेत. त्या मराठीच्या चांगल्या जाणकारीतून होतात. ‘मी सहमत आहे’ या वाक्यात ‘आहे’ स्पष्ट दिसतो, त्यामुळे इंग्रजीतही ‘अ‍ॅम’ आपोआप येऊन बसतो. ‘साहेबांनी मला जायला परवानगी दिली’ या वाक्यात ‘मला’ आहे, म्हणून इंग्रजीतला ‘मी’ (me) हा शब्द ‘अ‍ॅग्रीड’च्या लगेच पुढे टाकला जातो. ज्याची मातृभाषा पक्की आहे त्याच्या हातून ही चूक होणारच, आणि ती दुरुस्त करण्यासाठी त्याला अर्थापेक्षा वेगळे काहीतरी सांगणारा कोश लागतो.

हा कोश ते सांगू शकतो, याचे मूळ त्याच्या जन्मात आहे. आल्बर्ट सिडनी हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानला शिकवण्यासाठी गेले. पुढे तोकियोमध्ये हॅरल्ड पामर यांच्या संशोधन संस्थेत काम करताना त्यांच्या लक्षात आले की जपानी विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ पाठ असतात, पण ते शब्द वाक्यात बसवता येत नाहीत. गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी तयार केलेला कोश १९४२ साली, युद्ध चालू असतानाच, तोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने छापला, आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तोच आपल्या नावाने बाजारात आणला. त्यात इंग्रजी क्रियापदांच्या वाक्यरचनांचे पंचवीस साचे ठरवून त्यांना क्रमांक दिलेले होते आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याला चालणाऱ्या साच्यांचे क्रमांक छापलेले होते. इंग्रजी ही ज्यांची भाषा नव्हे अशा लोकांसमोर वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या माणसाने हा कोश रचला आहे, हे त्याच्या प्रत्येक पानावर आजही जाणवते. क्रमांकांची ती पद्धत विद्यार्थ्यांना जड जात असे, कारण एका नोंदीसाठी पुन्हा प्रस्तावनेतला तक्ता उघडावा लागे. आताच्या आवृत्तीत तिचा मागमूस उरलेला नाही. साचा आता साध्या शब्दांत, ठळक अक्षरांत, उदाहरणाच्या अगदी आधी छापलेला असतो, आणि माझ्या मते या कोशाच्या पाऊणशे वर्षांच्या प्रवासातली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

आता प्रत्यक्ष नोंद पाहू. ‘अ‍ॅग्री’चा पहिला अर्थ समोरच्यासारखेच मत असणे हा आहे, आणि त्याखाली ‘अ‍ॅग्री विथ समबडी’ असा साचा ठळक दिलेला आहे. दुसरा अर्थ होकार देण्याचा आहे आणि तिथे ‘अ‍ॅग्री टू समथिंग’ व ‘अ‍ॅग्री टू डू समथिंग’ असे साचे येतात. तिसरा अर्थ दोघांनी किंवा अनेकांनी मिळून ठरवण्याचा, आणि तिथे ‘अ‍ॅग्री ऑन समथिंग’ येते. त्यापुढे अधिकृत मंजुरीचा अर्थ आहे, हिशेबातले आकडे किंवा दोन जबान्या एकमेकांशी जुळण्याचा अर्थ आहे, व्याकरणातल्या कर्ता-क्रियापदाच्या मेळाचा अर्थ आहे, आणि शेवटी एखादा पदार्थ पोटाला न मानवण्याचा अर्थही आहे. या क्रमाकडे मराठी माणसाने नीट पाहिले की एक फार उपयोगी गोष्ट हाती लागते. इंग्रजीने जिथे एका क्रियापदापुढे शब्दयोगी अव्यये बदलली आहेत, तिथे मराठीने क्रियापदच बदलले आहे. ‘तुमचे म्हणणे मला पटते’ म्हणजे ‘अ‍ॅग्री विथ’. ‘तो यायला तयार झाला’ म्हणजे ‘अ‍ॅग्री टू’. ‘तारीख ठरली’ म्हणजे ‘अ‍ॅग्री ऑन’. ‘हे आकडे वहीशी जुळत नाहीत’ आणि ‘मला दही मानवत नाही’ या दोन्ही ठिकाणी पुन्हा ‘विथ’. पटणे, तयार होणे, ठरणे, जुळणे, मानवणे या पाच क्रियापदांतला फरक आपल्याकडे चौथीतल्या मुलालाही कळतो, आणि तो फरक मनात जागा ठेवला तर इंग्रजीतले योग्य अव्यय निवडणे पाठांतरावर अवलंबून राहत नाही.

साध्या इंग्रजी-मराठी कोशात किंवा फोनवरच्या भाषांतरात हा फायदा मिळत नाही. तिथे ‘सहमत होणे, मान्य करणे, जुळणे’ असे तीन शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत ठेवलेले असतात, आणि कोणत्या मराठी शब्दाबरोबर इंग्रजीत कोणते अव्यय जाते याचा तिथे उल्लेख नसतो. मोल्सवर्थने सुरू केलेल्या, कँडीने पूर्ण केलेल्या आणि १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी-मराठी कोशापासून आपल्याकडे द्वैभाषिक कोशांची मोठी परंपरा आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्या परंपरेतल्या बहुतेक कोशांचा उद्देश इंग्रजी वाचून समजावे हा होता. इंग्रजी लिहिता यावे हा उद्देश वेगळा आहे आणि त्यासाठी लागणारी माहितीही वेगळी आहे.

‘विथ’ आणि ‘टू’ यांच्यातला फरक हा या नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग आहे, त्यामुळे त्याच्यापाशी थोडे थांबतो. ‘आय अ‍ॅग्री विथ द प्रपोजल’ आणि ‘आय अ‍ॅग्री टू द प्रपोजल’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, त्यामुळे परीक्षेतल्या रिकाम्या जागा भरण्याच्या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी यांतले बरोबर कोणते असे विचारतो. पहिल्या वाक्यात प्रस्ताव मला पटला आहे. दुसऱ्या वाक्यात मी तो मान्य केला आहे, मग तो मला पटला असो वा नसो. फोनवर एखादे अ‍ॅप उतरवून घेताना आपण ज्या अटींखालचा चौकोन दाबतो तिथे ‘आय अ‍ॅग्री टू द टर्म्स अँड कंडिशन्स’ असेच लिहिलेले असते, ‘विथ’ नसते, आणि ते योग्यच आहे, कारण त्या अटी कोणालाही पटाव्यात अशी कंपनीची अपेक्षा नसते. त्या आपल्यावर बंधनकारक व्हाव्यात एवढीच अपेक्षा असते. घरभाड्याच्या करारातही हेच आहे. एखाद्या भाडेकरूने घरमालकाला ‘आय अ‍ॅग्री विथ द रेंट इन्क्रीज’ असे लिहिले, तर भाडेवाढ योग्यच आहे अशी त्याने स्वतःहून ग्वाही दिल्यासारखे होते. ‘आय अ‍ॅग्री टू द रेंट इन्क्रीज’ असे लिहिले तर तो नाइलाजाने का होईना, ती मान्य करतो एवढेच होते. कोशात हे असे सविस्तर समजावून सांगितलेले नाही, पण पहिल्या अर्थाखाली ‘विथ’ची आणि दुसऱ्या अर्थाखाली ‘टू’ची उदाहरणे वेगवेगळी मांडली आहेत, आणि लक्षपूर्वक वाचणाऱ्याला तो फरक काढता येतो.

दुसऱ्या अर्थाखालचे आणखी एक उदाहरण मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहितो. मालकाने कर्मचाऱ्याला लवकर जाऊ द्यायचे कबूल केले, हे सांगताना कोशाने दोन रचना दिल्या आहेत. एकीत ‘अ‍ॅग्रीड’नंतर ‘दॅट’ने सुरू होणारे स्वतंत्र उपवाक्य येते, तर दुसरीत ‘अ‍ॅग्रीड टू लेट मी’ अशी रचना येते. ‘अ‍ॅग्रीड मी’ कुठेही नाही. म्हणजे ‘सर अ‍ॅग्रीड मी टू गो’ ही चूक कशी सुधारायची, याची दोन तयार उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. ‘अलाउड मी टू गो’ शुद्ध असताना ‘अ‍ॅग्रीड मी टू गो’ अशुद्ध का, असे विद्यार्थी विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. क्रियापदानंतर थेट माणूस येऊ शकतो की नाही हे इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाचे वेगळे असते, त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी हॉर्नबींनी क्रियापदांच्या साच्यांवर आयुष्यातली वर्षे खर्च केली.

काळांच्या बाबतीत मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. संकेतस्थळावर क्रियापदाच्या नावाखाली एक छोटा चौकोन उघडतो आणि त्यात वर्तमानकाळाचे, तृतीय पुरुषी एकवचनाचे, भूतकाळाचे, भूतकाळवाचक धातुसाधिताचे आणि ‘इंग’चे रूप उच्चारासह दिलेले असते. छापील कोशाच्या शेवटी अनियमित क्रियापदांची यादी आहे. म्हणजे रूपे मिळतात. ती कधी वापरायची हे मिळत नाही. ज्या क्रियापदांना चालू काळ चालत नाही, उदाहरणार्थ ‘नो’ किंवा ‘बिलाँग’, त्यांच्यापुढे तशी सूचना स्पष्ट दिलेली असते आणि ‘आय अ‍ॅम नोइंग हिम’ लिहिणाऱ्याला ती फार उपयोगी पडते. परंतु ‘अ‍ॅग्री’सारख्या क्रियापदाच्या काळांमधली खरी अडचण मराठी माणसाची वेगळीच आहे, आणि तिच्यापर्यंत कोश पोहोचत नाही.

ती अडचण अशी. कोणी आपल्याला एखादी गोष्ट समजावून सांगितली की आपण ‘पटलं’ असे म्हणतो. रूप भूतकाळी आहे, पण अर्थ आत्ताचा आहे. हेच इंग्रजीत आणताना विद्यार्थी ‘आय अ‍ॅग्रीड’ म्हणतो, आणि समोरचा इंग्रजीभाषक ‘मग आता मत बदललेत का’ अशा नजरेने पाहतो. तिथे ‘आय अ‍ॅग्री’ हा साधा वर्तमानकाळच हवा. याउलट, सौदा पक्का करताना आपण ‘ठरलं!’ म्हणतो तेव्हा इंग्रजीतही ‘अ‍ॅग्रीड!’ हे एकट्याने उभे राहणारे रूप अगदी योग्य बसते. एकाच प्रकारच्या दोन मराठी रूपांना इंग्रजीत दोन वेगळी रूपे लागतात. ‘पाच हजार ठरले होते, आता सात मागतो’ या वाक्यातल्या ‘ठरले होते’ला ‘हॅड अ‍ॅग्रीड ऑन’ लागते, आणि तिथे मराठीचा ‘होते’ आपल्याला बरोबर वाट दाखवतो. पण ‘गेल्या महिन्यात सभासदांनी वाढीव वर्गणी मान्य केली आहे’ या वाक्यातला ‘आहे’ मात्र चकवा देतो. मराठीत ‘गेल्या महिन्यात’ आणि ‘केली आहे’ एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत ‘लास्ट मंथ’ आले की ‘हॅव अ‍ॅग्रीड’ चालत नाही, साधे ‘अ‍ॅग्रीड’ लिहावे लागते. तारीख काढून टाकली आणि केवळ आजची स्थिती सांगायची असली तर ‘द मेंबर्स हॅव अ‍ॅग्रीड टू पे’ हे वाक्य उत्तम आहे. हा एक नियम समजला तर कार्यालयीन पत्रांतल्या निम्म्या काळचुका जातील असे मला वाटते. पण तो कोणत्याही एका क्रियापदाचा नसल्यामुळे कोशात त्याला जागा नाही. त्यासाठी व्याकरणाचे वेगळे पुस्तक किंवा शिक्षक लागतोच, आणि कोश विकणारा दुकानदार हे सांगत नाही.

कर्मणी रचनेबाबत कोश पुन्हा आपल्या बाजूने उभा राहतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पाण्याच्या टाकीची दुरुस्ती दिवाळीनंतर करायची असे ठरले, तर इतिवृत्तात ‘इट वॉज अ‍ॅग्रीड दॅट’ अशी सुरुवात करता येते, आणि ही रचना नोंदीत उदाहरणासह दिलेली आहे. मराठीतल्या ‘असे ठरले की’ची ती जुळी बहीणच आहे: कोणी ठरवले हे न सांगता निर्णय पुढे ठेवते. रीतसर मांडून मंजूर झालेल्या ठरावासाठी ‘रिझॉल्व्ड’ हा शब्द अधिक योग्य असतो हे चिटणिसांनी लक्षात ठेवावे, कारण बोलण्यात ठरलेली गोष्ट आणि ठराव यांच्यात संस्थेच्या कामकाजात फरक असतो. याच ठिकाणी कोशाने ‘बी अ‍ॅग्रीड’ ही रचनाही दिली आहे. सगळ्यांचे एकमत झाले आहे ना, असे सभेत विचारताना ‘आर वी ऑल अ‍ॅग्रीड’ म्हणणे शुद्ध आहे. ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ चूक आणि ‘वी आर अ‍ॅग्रीड’ बरोबर, हे पाहून विद्यार्थी गोंधळतात. फरक शेवटच्या ‘ड’चा आहे: दुसऱ्या वाक्यात ‘अ‍ॅग्रीड’ विशेषणासारखे वागते, जसे ‘अ‍ॅग्रीड प्राइस’मध्ये, म्हणजे ठरलेल्या किमतीत वागते. कोशाने ‘अ‍ॅग्रीड’ या विशेषणाची स्वतंत्र नोंदही दिली आहे, आणि दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या तर हा गुंता सुटतो.

एका क्रियापदावरून संपूर्ण कोशाविषयी बोलणे घाईचे होऊ नये म्हणून ‘डिस्कस’ची नोंदही तपासली, आणि तिथे हा कोश मला सर्वांत जास्त आवडला. ‘विषयाबद्दल चर्चा केली’ असे आपण म्हणतो, म्हणून ‘वी डिस्कस्ड अबाउट द इश्यू’ असे लिहिले जाते, आणि ही चूक भारतात इतकी पसरली आहे की मोठ्या पदावरच्या लोकांच्या पत्रांतही ती सर्रास दिसते. कोशाने या नोंदीत वेगळी सूचना देऊन ‘डिस्कस अबाउट’ म्हणता येत नाही असे स्पष्ट सांगितले आहे, चुकीचे वाक्य छापून त्यावर काट मारली आहे, आणि लगेच ‘डिस्कशन’ हे नामही पाहा अशी खूण केली आहे. ती खूण फार विचारपूर्वक दिलेली आहे, कारण चुकीचे मूळ तिथेच आहे: नामापुढे ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ चालते, म्हणून क्रियापदापुढेही ते चालेल असे वाटते. आपले ‘चर्चा करणे’ मुळात नाम आणि ‘करणे’ यांचे मिळून बनलेले असल्यामुळे मराठी माणूस नकळत नामाचीच रचना क्रियापदावर चढवतो. ‘मॅरी’ची गोष्टही याच जातीची आहे. ‘तिच्याशी लग्न केले’ यातल्या ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ हर’ लिहिले जाते. कोशाच्या उदाहरणांत मात्र क्रियापदानंतर थेट व्यक्ती येते, आणि ‘मॅरीड’ हे विशेषण असेल तर पुढे ‘टू’ येते. लग्न होऊन दहा वर्षे झाली, हे सांगताना ‘हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’ लागते, ‘हॅव मॅरीड’ नव्हे, हेही ‘मॅरीड’खालच्या प्रश्नार्थी उदाहरणावरून ओळखता येते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव अशी की हा कोश साऱ्या जगासाठी असल्यामुळे त्याला आपली मातृभाषा कळत नाही. ‘डिस्कस अबाउट’ची चूक अनेक देशांत होते म्हणून तिच्यावर सूचना आली, ‘पटलं’मुळे होणारी चूक फक्त आपली आहे, तिच्यावर सूचना येण्याची शक्यता नाही. पटणे, ठरणे, मानवणे यांची जोडणी वाचकाला स्वतःच्या वहीत करावी लागते. दुसरी उणीव सुरुवातीच्या पातळीची आहे. अर्थ सांगण्यासाठी निवडक सोप्या शब्दांचाच वापर करण्याचा कोशाचा कटाक्ष स्तुत्य आहे, पण ते सोपे शब्दसुद्धा ज्याला अपुरे पडतात अशा, नुकत्याच दहावी झालेल्या मराठी माध्यमातल्या मुलाला हा कोश एकट्याने वापरता येणार नाही. त्याच्या हाती तो देऊन मोकळे होणाऱ्या पालकांनी सुरुवातीचे काही दिवस शेजारी बसून नोंद कशी वाचायची ते दाखवावे. छापील आवृत्तीत ‘समबडी’ आणि ‘समथिंग’ यांची संक्षिप्त रूपे वापरली आहेत आणि ती कशाची आहेत हे न कळल्यामुळे संपूर्ण साचाच निरर्थक वाटू लागतो. संकेतस्थळावर हे शब्द पूर्ण लिहिलेले असतात, त्यामुळे नवशिक्याने तिथून सुरुवात केलेली बरी. ‘गेट’, ‘टेक’, ‘गो’ यांसारख्या क्रियापदांच्या नोंदी इतक्या लांब आहेत की हवा तो अर्थ शोधताना दम लागतो. मधल्या छोट्या शीर्षकांमुळे थोडी सोय होते, एवढेच.

भारतीय इंग्रजीबाबतची भूमिका मला संतुलित वाटली. ‘लाख’, ‘करोड’ किंवा बैठक ठरलेल्या वेळेच्या आधी घेणे या अर्थाचा ‘प्रीपोन’ हे शब्द ‘भारतीय इंग्रजी’ अशी नोंद करून कोशात घेतलेले आहेत, म्हणजे आपल्या शब्दांना तिथे मान आहे. पण क्रियापदाच्या रचनेत तो सवलत देत नाही, आणि परदेशी ग्राहकांना किंवा विद्यापीठांना लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ते हिताचे आहे. उच्चाराची सोयही चांगली आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही उच्चार संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि आपण मराठीत ‘अ‍ॅ’ लावून म्हणतो त्या शब्दाची सुरुवात प्रत्यक्षात ऱ्हस्व, जेमतेम ऐकू येणाऱ्या ‘अ’ने होते हे एकदा ऐकले की कायमचे लक्षात राहते.

याच्या जोडीची म्हणून आणखी दोन नावे घ्यायला हवीत. लाँगमनचा विद्यार्थी-कोश १९७८ पासून आहे आणि त्याची उदाहरणे तितकीच भरवशाची आहेत. कॉलिन्सच्या ‘कोबिल्ड’ने १९८७ साली वेगळीच वाट काढली: तिथे अर्थ पूर्ण वाक्यात सांगितलेला असतो आणि त्या वाक्यातच क्रियापद आपल्या अव्ययासह येते, त्यामुळे अर्थ वाचता वाचता रचनाही कानावर पडते. ज्याला साचे आणि संक्षेप यांचा कंटाळा आहे त्याने ‘कोबिल्ड’ घ्यावा, असे मी मोकळेपणाने सांगेन. लिहिताना चटकन एखादा साचा पडताळून पाहायचा असेल तर मात्र ऑक्सफर्डची मांडणी अधिक सोयीची आहे, कारण ठळक अक्षरांवरून नजर फिरवली की काम होते.

छापील घ्यावा की संकेतस्थळावर भागवावे, हा प्रश्न सगळेच विचारतात. संकेतस्थळ विनामूल्य आहे, जाहिराती सहन कराव्या लागतात, आणि रोजच्या कामाला ते पुरेसे आहे. फोनवरच्या अ‍ॅपसाठी पैसे मोजावे लागतात, आणि संकेतस्थळ उपलब्ध असताना बहुतेकांना त्याची गरज नाही. तरीही घरात एक छापील प्रत असावी असे माझे मत आहे. मॅकमिलनने आपला उत्तम विद्यार्थी-कोश छापणे बंद करून तो केवळ संकेतस्थळावर ठेवला होता, आणि २०२३ साली ते संकेतस्थळही बंद झाले. त्याच्यावर विसंबलेल्या शिक्षकांच्या हाती काही उरले नाही. शिवाय छापील पानावर ‘अ‍ॅग्री’ची संपूर्ण नोंद एका दृष्टिक्षेपात दिसते आणि सातही अर्थांची तुलना करता येते, तर फोनच्या पडद्यावर ती बोटाने वर सरकवत तुकड्यातुकड्याने वाचावी लागते.

नवी आवृत्तीच हवी असा हट्ट धरण्याचे कारण नाही. या क्रियापदांच्या रचना दहा-पंधरा वर्षांत बदललेल्या नाहीत, त्यामुळे २०१० ची आठवी किंवा २०१५ ची नववी आवृत्ती कमी किमतीत मिळाली तर ती खुशाल घ्यावी. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत आणि मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुन्या प्रती पाहायला मिळतात. तिथे घेताना प्रत मूळ छापाची आहे ना हे मात्र तपासावे. बेकायदा छापलेल्या प्रतींत कागद पातळ असतो, बारीक अक्षरे फुटतात आणि ठळक व साध्या अक्षरांतला फरक पुसट होतो. ज्या प्रतीत साचा आणि उदाहरण एकाच जाडीच्या अक्षरांत दिसू लागले असेल, ती कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये, कारण ज्यासाठी हा कोश घ्यायचा ती गोष्टच त्या प्रतीत नाही.